आधी तपासणी, मग पासिंग : महाराष्ट्रातील वाहनविक्रेत्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व अधिकृत वाहनविक्रेते, शोरूमचे व्यवस्थापक आणि डिलिव्हरी विभागातील कर्मचारी

विषय : नवीन वाहनाची नोंदणी होण्यापूर्वी ग्राहकाला ते प्रत्यक्ष तपासू देण्याबाबत

सन्माननीय महोदय / महोदया,



नवीन मोटारीच्या खरेदीत पैसे भरणे, विमा उतरवणे, आरटीओकडे नोंदणी करणे आणि गाडी ताब्यात घेणे या चार गोष्टी ठरलेल्या क्रमाने घडतात. त्यांच्या तारखा लिहून ठेवल्या जातात, पावत्या फाडल्या जातात आणि प्रत्येकीसाठी शोरूममध्ये एक टेबल व एक माणूस नेमलेला असतो. पाचवी गोष्ट म्हणजे ग्राहकाने गाडी डोळ्यांखालून घालणे, आणि या क्रमात तिलाच जागा नाही. ती घडलीच तर डिलिव्हरीच्या दिवशी, हार घातलेल्या गाडीभोवती नातेवाईक उभे असताना, पेढ्यांचा बॉक्स फिरत असताना आणि मागे पुढचे कुटुंब ताटकळत असताना, पाचदहा मिनिटांत उरकली जाते. तोवर पैसे पोचलेले असतात, कर भरलेला असतो, नंबर पडलेला असतो आणि कागदोपत्री गाडी ग्राहकाची झालेली असते. प्रस्तुत पत्राचे म्हणणे एवढेच आहे की हा क्रम उलटा आहे आणि तो सरळ करणे पूर्णपणे विक्रेत्यांच्या हातात आहे.

क्रमाचा हा मुद्दा वरवर किरकोळ वाटला तरी त्याचे मूळ कायद्यात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४२ नुसार तात्पुरती किंवा कायमची नोंदणी झाल्याशिवाय विक्रेत्याला वाहन खरेदीदाराच्या ताब्यात देता येत नाही. हा नियम योग्यच आहे, कारण बिननंबरची वाहने रस्त्यावर येणे सुरक्षेच्या दृष्टीने घातक आहे. पण त्याचा अटळ परिणाम असा की 'डिलिव्हरी घेताना तपासून घ्या' हा सल्ला मुळातच उशिराचा ठरतो, कारण डिलिव्हरीची वेळ येईपर्यंत नोंदणी होऊन गेलेली असते. त्यात मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने आणखी एक बदल केला. अधिकृत विक्रेत्याने विकलेले वाहन पहिल्या नोंदणीसाठी नोंदणी अधिकाऱ्यापुढे हजर करण्याची गरज आता सर्वसाधारणपणे उरलेली नाही. ग्राहकाची आणि आपली, दोघांचीही पायपीट त्यामुळे वाचली. मात्र पूर्वी आरटीओच्या आवारात चासी नंबर कागदाशी ताडून पाहणारा, विक्रीच्या व्यवहारात कोणताही स्वार्थ नसलेला एक डोळा होता, तोही या साखळीतून निघून गेला. आता कारखान्याच्या दारापासून ग्राहकाच्या दारापर्यंत गाडी पाहणारे सगळे डोळे तिच्या विक्रीशी बांधलेले आहेत. म्हणूनच ग्राहकाच्या स्वतःच्या डोळ्यांना आणि त्याला हवा असल्यास त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकच्या डोळ्यांना या साखळीत वेळेवर जागा मिळणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे.

शोरूमच्या भाषेत 'पीडीआय' हा शब्द सर्रास वापरला जातो. डिलिव्हरीपूर्व तपासणी असा त्याचा अर्थ असून, कंपनीने ठरवून दिलेल्या यादीप्रमाणे विक्रेत्याच्या तंत्रज्ञाने इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक, दिवे, बॅटरी, टायरमधील हवा, दारे, काचा आणि विजेवर चालणारी सर्व उपकरणे एकेक करून पाहणे असे तिचे स्वरूप असते. तिची गरज कोणी नाकारत नाही. कारखान्यातून निघालेली गाडी लांब ट्रेलरवर चढवताना व उतरवताना तिला ओरखडे पडू शकतात, साखळदंडाने बांधताना तळाला मार लागू शकतो, आणि त्यानंतर ती काही दिवस, काही आठवडे किंवा मागणी कमी असल्यास काही महिने स्टॉकयार्डमध्ये उघड्यावर उभी राहते. कारखान्यातील तपासणी निर्दोष असली तरी या प्रवासात आणि मुक्कामात काय झाले हे कारखान्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असते फक्त विक्रेत्याला, आणि जे विक्रेत्याला ठाऊक आहे ते ग्राहकालाही कळावे, या एका तत्त्वातून पुढील सर्व विनंत्या निघतात.

पहिली विनंती अशी की अंतिम बिल फाडण्यापूर्वी ग्राहकाला त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या गाडीचा चासी नंबर लेखी कळवावा. चासी नंबर म्हणजे वाहनाच्या सांगाड्यावर कोरलेली सतरा अक्षरांची व अंकांची ओळख असून, शून्य आणि एक या अंकांशी गफलत होऊ नये म्हणून तिच्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरली जात नाहीत. निर्मितीचा महिना आणि वर्ष सांगणारी चिन्हे बहुतेक कंपन्या याच नंबरात गोवतात. विक्री प्रमाणपत्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नमुना २१ मध्येही निर्मितीचा महिना व वर्ष लिहावे लागते, म्हणजे ही माहिती गुप्त ठेवण्याजोगी कायद्याच्या दृष्टीनेही नाही. तरीही डिसेंबरात तयार झालेली गाडी फेब्रुवारीत घेताना ती मागच्या वर्षाची आहे हे ग्राहकाला अनेकदा नोंदणी प्रमाणपत्र हातात आल्यावरच कळते. हा फरक कागदापुरता नसतो, कारण पुढे गाडी विकताना तिचे वय निर्मितीच्या वर्षावरून मोजले जाते आणि त्या एका आकड्यापोटी किमतीत मोठी घट सोसावी लागते. जुन्या साठ्यातील गाडी विकण्यात गैर काही नाही. तिचे वय उघड सांगून किंमत ठरवली तर तो सरळ व्यवहार आहे आणि अनेक ग्राहक तो आनंदाने करतील. वय लपवले की मात्र तोच व्यवहार फसवणुकीच्या बाजूला झुकतो.

दुसरी विनंती या पत्राचा गाभा आहे. संपूर्ण रक्कम भरण्यापूर्वी आणि नोंदणीचा अर्ज दाखल होण्यापूर्वी ग्राहकाला दिवसाउजेडी, धुतलेल्या गाडीजवळ, किमान एक तास तपासणीसाठी द्यावा आणि सोबत जाणकार माणूस आणण्यास हरकत घेऊ नये. दिवसाउजेडी असे मुद्दाम म्हटले आहे, कारण शोरूमच्या झगमगत्या दिव्यांखाली रंगाच्या छटेतील फरक दिसत नाही, तर उन्हात दार आणि त्याशेजारचा पत्रा यांची छटा जुळते की नाही हे तिरक्या नजरेने पाहता क्षणी कळते. गाडी धुतलेली असावी, कारण धुळीच्या थराखाली बारीक चरे लपतात. मायक्रॉनमध्ये रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र आता सहज मिळते. कारखान्यातील रंग सर्वसाधारणपणे ८० ते १८० मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि बाकीच्या पत्र्यांवर शंभर-सव्वाशे दाखवणारा काटा एखाद्या दारावर अचानक तीनशेच्या पुढे गेला तर त्या दाराला पुन्हा रंग दिला गेल्याचा दाट संशय घेता येतो.

या एका तासात काय पाहायचे याची कल्पना सर्व ग्राहकांना नसते, म्हणून ते येथे थोडे जवळून मांडणे उचित ठरेल. ग्राहक टायरजवळ उकिडवा बसून बाजूच्या रबरावरचा लांबट चौकटीतील चार आकडी ठसा वाचतो. त्यातील पहिले दोन अंक वर्षातला आठवडा आणि नंतरचे दोन अंक वर्ष सांगतात, म्हणून '३२२४' याचा अर्थ २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा, म्हणजे त्या वर्षीचा ऑगस्ट. चारही चाकांचे आणि स्टेपनीचे ठसे एकमेकांच्या जवळपासचे आणि गाडीच्या निर्मितीच्या थोडे आधीचे असतील तर शंका उरत नाही. एकच टायर बाकीच्यांपेक्षा बराच नवा असेल तर तो का बदलला हे विचारण्याचा त्याला अधिकार आहे. त्यानंतर तो डिक्कीतील गालिचा उचलून स्टेपनीच्या खोलगट जागेत बोट फिरवतो. तिथे वाळलेल्या गाळाची कड, पाण्याची रेघ किंवा गंजाचा लालसर ठिपका लागला, सीट सरकवण्याच्या पट्ट्यांच्या स्क्रूवर गंज दिसला किंवा पुढच्या दिव्यांच्या आत वाफ साचलेली आढळली, तर गाडी पाण्यात उभी होती का, हा प्रश्न उभा राहतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराचे पाणी बाजारपेठांत शिरले. हे पाहिलेल्या महाराष्ट्रात असा प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकाला कोणी संशयी म्हणू नये. शेवटी तो किलोमीटरचा आकडा पाहतो. यार्डातून शोरूममध्ये आणताना आणि तपासणीच्या फेरीत काही किलोमीटर होणारच. पण आकडा शंभराच्या घरात असेल तर गाडी कुठे आणि कशासाठी फिरली हे विक्रेत्याने आपणहून सांगितले पाहिजे, आणि चाचणी-फेरीसाठी वापरलेली गाडी नवी म्हणून विकली जाता कामा नये.

तिसरी विनंती अशी की पीडीआयचा भरलेला तक्ता, तपासणाऱ्या तंत्रज्ञाच्या सही-तारखेसह, ग्राहकाला द्यावा. सध्या तो बहुधा विक्रेत्याच्या फाइलमध्ये राहतो आणि ग्राहकाकडून फक्त 'गाडी सुस्थितीत मिळाली' अशा अर्थाच्या छापील कागदावर सही घेतली जाते, तीही बऱ्याचदा किल्ली हातात पडण्याच्या क्षणी. तक्त्यासोबत दुसरा कागद असावा, ज्यावर प्रवासात किंवा यार्डात झालेले नुकसान आणि त्याची केलेली दुरुस्ती लिहिलेली असेल. बंपरला लागलेला चरा काढला, दाराचा डेंट काढून रंग मारला, उंदरांनी कुरतडलेली वायर बदलली, हे सांगितल्याने बहुतेक ग्राहक गाडी नाकारणार नाहीत; पण लपवलेली दुरुस्ती दोन वर्षांनी रंगाचा पोपडा निघून उघडी पडते तेव्हा त्या शोरूमवरचाच नव्हे, तर ज्या नातेवाइकाने ते सुचवले त्याच्यावरचाही विश्वास जातो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येतच जुन्या, दुरुस्त केलेल्या किंवा वापरलेल्या वस्तू नव्या असल्याचे खोटे भासवणे याचा समावेश आहे. म्हणून ही कागदाची मागणी कृपेची याचना नसून कायद्याच्या आशयाला धरून आहे.

चौथी विनंती ग्राहकाला कधीच न दिसणाऱ्या जागेबद्दल, म्हणजे स्टॉकयार्डबद्दल आहे. नवीन गाडीचे संरक्षण ग्राहकाच्या घरी सुरू होते असा समज असला तरी तिच्या आयुष्यातले पहिले काही आठवडे याच कुंपणाआड जातात. शहराबाहेर भाड्याने घेतलेल्या मोकळ्या जागेत खडीवर किंवा मातीवर शेकडो गाड्या बंपरला बंपर लावून उभ्या असतात. पक्ष्यांची विष्ठा उन्हात रंगावर वाळली तर तिच्यातील आम्ल वरच्या पारदर्शक थराला कायमचा डाग पाडते. बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरत जाते. १२ व्होल्टची पूर्ण भारलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि ती १२ च्या खाली जाऊन बराच काळ तशीच राहिली तर आतल्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण थर साचून तिचे आयुष्य कमी होते. एकाच जागी महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर जमिनीला टेकलेल्या भागात चपटे होतात आणि गाडी चालवताना ठरावीक लयीत धडधड जाणवते. पावसाळ्यात उंच गवत वाढले की उंदरांना ऊब आणि आडोसा दोन्ही मिळतात. या प्रत्येकावर उपाय साधा आहे : उंचावरची निचरा होणारी जागा, गवताची कापणी, ठरावीक दिवसांनी बॅटरीची मोजणी व चार्जिंग, गाडी थोडी पुढेमागे हलवणे, रंगावरचे डाग वेळीच धुणे आणि या सगळ्याची चासी नंबरनिहाय नोंदवही. ही नोंदवही ग्राहकाला मागताच दाखवता आली तर त्याच्या अर्ध्या शंका विचारण्याआधीच मिटतील.

पाचवी विनंती संरक्षणाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या वस्तूंबद्दल आहे. सिरॅमिक कोटिंग, रंगावरची पारदर्शक फिल्म, तळाचा गंजरोधक लेप, सीट कव्हर, फ्लोअर मॅट, चाकांमागचे मडफ्लॅप असे एक 'पॅकेज' ऑन-रोड किमतीच्या कागदावर आधीच लिहून आणले जाते आणि ते काढायला सांगितले तर गाडी मिळायला वेळ लागेल, असे सूचित केले जाते. यातल्या काही गोष्टी उपयोगी आहेत, विशेषतः कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत तळाचा लेप. पण उपयोग आहे म्हणून सक्ती असू नये, आणि प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी, पावतीसह, ग्राहकाच्या होकारानंतरच लागली पाहिजे. 'हँडलिंग'च्या नावाने घेतली जाणारी रक्कम नेमकी कोणत्या सेवेसाठी आहे हेही लिहिले जावे. विम्याबाबत तर विमा नियामकाने २०१७ मध्ये वाहनविक्रेत्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिलेली आहेत. गाडी एका दुकानातून घेतली म्हणून विमाही तिथूनच घेतला पाहिजे असे बंधन ग्राहकावर नाही, आणि तीन वर्षांचा सक्तीचा तृतीय पक्ष विमा तसेच गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा यांची तुलना करण्यास त्याला एक दिवस मिळावा. संरक्षणाच्या काही वस्तू तर धोकादायकही ठरतात. बंपरपुढे लावलेला लोखंडी गार्ड धडकेचा आघात सांगाड्यापर्यंत वेगळ्या रीतीने पोचवून एअरबॅगच्या संवेदकांची दिशाभूल करू शकतो, आणि त्यामुळेच केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. सीटच्या कडेतून उघडणारी एअरबॅग असलेल्या गाडीत घट्ट शिवलेले सीट कव्हर तिच्या मार्गात येऊ शकते. ज्या शोरूमची पाटी कंपनीच्या नावाची आहे, तिथे अशी वस्तू विकली गेली की ग्राहक ती कंपनीचीच शिफारस समजतो, ही जबाबदारी आपण ध्यानात घ्यावी.

सहावी विनंती म्हणजे तपासणीत दोष सापडला तर काय होईल हे आधीच, बुकिंगच्या पावतीवर, लिहून द्यावे. यादीतील एखादी किरकोळ वस्तू अपुरी असेल तर ती किती दिवसांत मिळेल, रंग किंवा पत्र्याचा दोष असेल तर दुसरी गाडी मिळेल का, ग्राहकाने ती नाकारली तर बुकिंगची रक्कम किती दिवसांत परत होईल, आणि या काळात किंमत वाढली तर तो भार कोण उचलेल, या चार प्रश्नांची उत्तरे आधी ठरलेली असली की तपासणीच्या वेळी सेल्समन आणि ग्राहक एकमेकांसमोर ठाकत नाहीत. नोंदणीनंतर दोष सापडल्यास गाडी परत घेणे किती अवघड होते हे विक्रेत्यांइतके कोणालाच ठाऊक नाही. पेट्रोल किंवा डिझेलच्या खासगी गाडीवर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त एकरकमी कर भरलेला असतो. नंबर पडलेली गाडी पुन्हा कोणाला विकली की तिचा पुढचा मालक 'दुसरा मालक' ठरतो. विम्याच्या हिशेबातही पहिल्या सहा महिन्यांतील गाडीचे मूल्य ५ टक्के आणि सहा महिने ते एक वर्षाच्या गाडीचे १५ टक्के कमी धरण्याची रीत आहे. म्हणजे तोच चरा, तोच डेंट नोंदणीच्या आदल्या दिवशी सापडला तर तो यार्डातला बदल असतो आणि दुसऱ्या दिवशी सापडला तर वाद होतो.

हा वाद न्यायालयापर्यंत गेला की किती वर्षे खातो याचे उदाहरण गोव्यात घडलेले आहे. २०११ मध्ये नव्या गाडीचे पैसे मोजणाऱ्या एका खरेदीदारापुढे २००९ साली तयार झालेली, सहाशेहून जास्त किलोमीटर धावलेली आणि तळाला गंज धरलेली गाडी आणून उभी करण्यात आली, अशी त्याची तक्रार होती. जिल्हा ग्राहक मंच, राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग असे टप्पे घेत हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. १८ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने उत्पादक कंपनीला दायित्वातून मोकळे केले, कारण कंपनी आणि विक्रेता यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते आणि विक्रेत्याच्या ताब्यातील गाडीच्या या अवस्थेची कंपनीला माहिती होती असे दिसून आले नाही. वाहनविक्रेत्यांच्या दृष्टीने या निकालाचा अर्थ गंभीर आहे : यार्डात घडलेल्या गोष्टीसाठी कंपनीच्या नावामागे उभे राहता येत नाही. ग्राहकाच्या दृष्टीनेही धडा स्पष्ट आहे, की कायदा आहे, जिल्हा आयोग ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे ऐकतो, तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे. मात्र दहा वर्षांच्या लढाईपेक्षा एक तासाची तपासणी दोघांनाही कितीतरी स्वस्त पडते.

येथे एका नव्या प्रकारच्या वाहनाचा उल्लेख आवश्यक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि झोपण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेली फिरती घरे राज्यात दिसू लागली. अमेरिकेत ज्यांना 'आरव्ही' म्हणतात तीच ही वाहने. यांच्यात धोका दुप्पट असतो, कारण चासी एका कंपनीची आणि वरचे घर दुसऱ्या बांधणाऱ्याचे, त्यामुळे वॉरंटीही दोन तुकड्यांत विभागलेली असते आणि छत गळले तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. अशा वाहनाच्या तपासणीला एक तास पुरत नाही. छतावर, खिडक्यांच्या कडांवर आणि जोडांवर बराच वेळ पाणी सोडून आतल्या कपाटांच्या मागच्या बाजू हाताने चाचपाव्या लागतात, पाण्याची टाकी काठोकाठ भरून नळ, मोरी आणि सांडपाण्याची टाकी वापरून पाहावी लागते, गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे लागते, आणि बाहेरच्या विजेवर व आतल्या बॅटरीवर फ्रीज, दिवे व पंखे निरनिराळे चालवून बघावे लागतात. शक्य असेल तर ग्राहकाला एक रात्र बांधणाऱ्याच्या आवारातच त्या गाडीत मुक्काम करू द्यावा, कारण पहाटे भिंतीवर दिसणारा ओलावा दुपारच्या तपासणीत सापडत नाही. हा व्यवसाय राज्यात अजून लहान आहे. चांगली शिस्त आत्ताच लागली तर पुढे ती सर्वांचीच सवय होईल.

सातवी आणि शेवटची विनंती मुहूर्ताबद्दल आहे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीतला पाडवा या दिवशी गाडी घरी यावी ही मराठी कुटुंबाची मनापासूनची इच्छा असते आणि तिचा आदर झालाच पाहिजे. या एका दिवसात शोरूमवर पडणारा ताण खरा आहे : पहाटेपासून रांगेत लावलेल्या गाड्या, चाकाखाली ठेवलेली लिंबे, नारळ फोडण्यासाठी ठरवलेला कोपरा, आणि रात्री उशिरापर्यंत उभ्या असलेल्या डिलिव्हरी विभागातील मुलामुलींची दमछाक. अशा दिवशी नीट तपासणी होणे शक्य नाही आणि तशी अपेक्षा त्यांच्याकडून करणेही अन्यायाचे ठरेल. म्हणूनच तपासणी आणि मुहूर्त वेगळे करावेत. मुहूर्ताच्या किमान आठवडाभर आधी गाडी ठरावी, तपासली जावी, तक्त्यावर दोघांच्या सह्या व्हाव्यात, मग विमा आणि पासिंग व्हावे, आणि मुहूर्ताच्या दिवशी फक्त पूजा, किल्ली आणि पेढे एवढेच उरावे. दसऱ्याला गाडीला कुंकू लावणाऱ्या गृहिणीच्या मनात 'सगळे ठीक असेल ना' ही शंका नसावी, हा मुहूर्ताचा खरा अर्थ आहे.

या विनंत्यांमध्ये विक्रेत्यांचा तोटा करणारे काही नाही. ज्या शोरूमने तपासणीचा तास स्वतःहून दिला, त्याच्याकडे नंतरच्या तक्रारी, कार्यशाळेतील भांडणे आणि आयोगाच्या नोटिसा कमी येतील. ग्राहकांनीही आपली बाजू सांभाळली पाहिजे : ठरलेल्या वेळी यावे, तपासणीची यादी सोबत आणावी, किरकोळ बाबींवरून कर्मचाऱ्यांचा अपमान करू नये, आणि सर्व काही नीट असेल तर तसे मोकळेपणाने लिहून द्यावे. १९७० च्या दशकात ग्राहक पंचायतीच्या चळवळीने महाराष्ट्राला जी शिकवण दिली ती शत्रुत्वाची नव्हती. ग्राहक आणि व्यापारी यांच्यात उघड हिशेब असावा एवढीच ती होती. नवीन गाडीच्या बाबतीत तो उघड हिशेब म्हणजे चासी नंबर आणि निर्मितीचा महिना, तपासणीची तारीख, भरलेला पीडीआय तक्ता, झालेल्या दुरुस्त्यांची नोंद आणि दोन सह्या असलेला एक कागद. तो कागद नोंदणीच्या अर्जाच्या आधी फाइलमध्ये लागावा.

येत्या दसऱ्यापासून आपल्या शोरूममध्ये ही पद्धत सुरू व्हावी आणि तशी पाटी ग्राहकांच्या बसण्याच्या जागी लागावी, ही नम्र पण आग्रहाची विनंती आहे.

कळावे.

आपले विश्वासू,
नवीन वाहनासाठी आयुष्यभराच्या बचतीतून पैसे मोजणारे महाराष्ट्रातील ग्राहक